सोर्समधून वेब सर्व्हर: बनवता येतो, पण सांभाळणार कोण?

आपल्या समाजातल्या कितीतरी शाळा आणि ट्रस्टच्या वेबसाइट आज हौशी मुलांच्या जिवावर चालतात. बीसीए किंवा डिप्लोमा करणारा एखादा पोरगा सर्व्हर उभा करून देतो, शिष्यवृत्तीचे फॉर्म ऑनलाइन भरले जाऊ लागतात, कमिटीवाले खूश. वर्षभराने मुलाला पुण्यात नाहीतर दुबईत नोकरी लागते आणि तो निघून जातो. सर्व्हर मात्र तिथेच चालू राहतो. त्यात मुलांची नावं, पालकांचं उत्पन्न, आधार क्रमांक, सगळं असतं. ही लोकांची अमानत आहे. म्हणून सर्व्हर सोर्समधून बनवायला बसण्याआधी त्यात काय काय येतं ते समजून घेऊ.

उदाहरण इंजिन-एक्सचं घेतो. इगोर सिसोएव या रशियन प्रोग्रामरने 2002 मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि 2004 मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. बीएसडी लायसन्स असल्यामुळे सोर्स कोड कुणीही मोफत घ्यावा, वाचावा, बदलावा. उबंटूवर याचं तयार पॅकेज एका कमांडमध्ये बसतं. मग सोर्सचा खटाटोप कशाला? कारणं दोनच. एक तर तयार पॅकेजमध्ये नसलेलं एखादं मॉड्यूल हवं असतं. दुसरं, शिकायचं असतं. तयार कपडे घेणं आणि कापड घेऊन शिंप्याकडे माप देणं, एवढाच हा फरक. फक्त इथे शिंपी आपणच.

आधी साहित्य जमवा. उबंटूवर बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज घेतलं की सी भाषेचा कंपायलर आणि मेक ही दोन्ही हत्यारं येतात. मग अधिकृत साइटवरून सोर्सची फाइल घ्या. आवृत्तीतला मधला आकडा सम असेल तर ती स्टेबल शाखा, विषम असेल तर मेनलाइन. फाइलसोबत सहीची छोटी फाइलही मिळते, ती जीपीजीने तपासा. पाच मिनिटांचं काम आहे, तरी बहुतेक जण टाळतात.

पुढची पायरी कॉन्फिगरची. खरा खेळ इथेच आहे. ही स्क्रिप्ट तुमच्या मशीनवर काय आहे, काय नाही याची झडती घेते आणि त्यानुसार पुढच्या कामाचा आराखडा तयार करते. पहिल्यांदा करणाऱ्या बहुतेकांना इथे एक एरर भेटतेच: रीराइट मॉड्यूलला पीसीआरई लायब्ररी हवी. मुलं म्हणतात, "सर, लायब्ररी तर आहे!" असते, पण चालवण्यापुरती. कंपाइल करायला तिच्या हेडर फाइली लागतात आणि त्या नावात डेव्ह असलेल्या वेगळ्या पॅकेजमध्ये येतात. पीसीआरई, झेडलिब आणि ओपन-एसएसएल, तिन्हींची डेव्ह पॅकेजेस घेतली की गाडी पुढे सरकते. एरर आली की पडदा पुसून टाकू नका, शेवटच्या चार ओळी नीट वाचा. उत्तर बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.

इथेच पर्यायही द्यायचे असतात. एसएसएलचं मॉड्यूल सोर्समध्ये आपोआप चालू नसतं, ते सांगून घ्यावं लागतं. ते विसरलात तर सर्व्हर छान बनेल, पण एचटीटीपीएस चालणार नाही. प्रीफिक्स म्हणजे सर्व्हर कुठे बसवायचा ती जागा. काहीच सांगितलं नाही तर युएसआर-लोकल खाली एनजिनएक्स नावाच्या फोल्डरमध्ये बसतो. नवशिक्यांनी प्रीफिक्स स्वतःच्या होम फोल्डरमध्ये द्यावा आणि सेटिंगमध्ये पोर्ट 80 ऐवजी 8080 ठेवावा. मग रूटच्या परवानगीची गरजच पडत नाही आणि काही बिघडलं तर फोल्डर उडवून पुन्हा सुरुवात करता येते.

मग मेक, मग मेक इन्स्टॉल. यात सांगण्यासारखं फार नाही. जुन्या कॉम्प्युटरवर चहा होईपर्यंत उरकतं. सेटिंगच्या फाइलमध्ये कॅरसेट यूटीएफ-8 ही ओळ तेवढी टाका. ती नसेल आणि पानातही तसा उल्लेख नसेल, तर मराठी आणि उर्दू दोन्ही मजकुरांचा ब्राउझरमध्ये भलताच कचरा दिसू शकतो. (उर्दू उजवीकडून डावीकडे दिसणं हे सर्व्हरचं नाही, एचटीएमएलचं काम. ही तक्रार सर्व्हरकडे नेऊ नका.)

आता मूळ मुद्दा. पॅकेजने बसवलेला सर्व्हर उबंटूच्या अपडेटबरोबर दुरुस्त होत जातो. सोर्समधून बनवलेल्याची उबंटूला खबरच नसते. एप्रिल 2014 मध्ये ओपन-एसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष उघड झाला. 1.0.1 पासून 1.0.1एफ पर्यंतच्या आवृत्त्यांत सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेरून ओढता येत होता. 1.0.1जी मध्ये दुरुस्ती आली. पण ज्यांनी ओपन-एसएसएलचा सोर्स थेट सर्व्हरमध्येच मिसळून बिल्ड केलं होतं, त्यांना सिस्टिम अपडेट करून काही उपयोग नव्हता. अख्खा सर्व्हर पुन्हा बनवणं हाच इलाज होता.

पुन्हा बनवताना पर्याय तेच द्यावे लागतात. ते आठवत नसतील तर एनजिनएक्सला मोठ्या व्हीचा पर्याय देऊन विचारा, बिल्ड करताना काय काय दिलं होतं ते सगळं दाखवतो. मेक इन्स्टॉल तुमच्या जुन्या सेटिंगच्या मुख्य फाइलला हात लावत नाही आणि आधीचा प्रोग्राम शेवटी ओल्ड जोडून बाजूला ठेवतो, म्हणजे परतीचा रस्ता खुला. एक गोष्ट मात्र हमखास निसटते: नुसतं रीलोड केलं तर जुनाच प्रोग्राम चालत राहतो. पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शाळेच्या लॅबमध्ये मुलांनी सोर्समधून दहा वेळा बनवावा, मोडावा, परत बनवावा. ट्रस्टच्या चालू वेबसाइटला मात्र तयार पॅकेजच बरं. मॉड्यूलसाठी सोर्स घ्यावाच लागला, तर वापरलेली आवृत्ती, दिलेले सगळे पर्याय आणि पुढे अपडेट करणाऱ्याचं नाव एका कागदावर लिहून तो ऑफिसच्या फाइलमध्ये लावा. मुलगा नोकरीला निघाला की चाव्या परत घेतो, त्याच दिवशी त्या कागदावर दुसरं नाव पडलं पाहिजे.