घट्ट म्हणजे किती घट्ट?

कोल्हापूरचा लौकिक तालमीचा, गुळाचा आणि चपलेचा. पण या शहराला आणखी एक अंग आहे, ते लोखंडाचं. शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत शेतीची ऑईल इंजिनं घडली. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून मोटारींचे नि ट्रॅक्टरचे ओतीव भाग बाहेर पडतात. त्यामुळे आपल्या भागात पाना हाताळता येणारी माणसं गावोगाव सापडतात. घरची गाडी घरीच दुरुस्त करण्याची हौसही पुष्कळांना असते. ही हौस चांगलीच आहे. मात्र तिच्या जोडीला एक समजूत हमखास येते, ती म्हणजे ‘जितकं आवळावं तितकं बरं.’ ही समजूत खोटी आहे, आणि प्रसंगी जिवावर बेतणारी आहे.

बोल्ट धरून कशाच्या जोरावर ठेवतो, ते आधी पाहू. आपण नट फिरवतो तेव्हा बोल्ट केसभर ताणला जातो. ताणलेलं रबर जसं मागे ओढतं, तसाच तो पोलादी बोल्ट दोन्ही भागांना एकमेकांवर दाबून धरतो. म्हणजे बोल्ट ही एक स्प्रिंगच झाली. ताण कमी पडला तर भाग हादऱ्यानं एकमेकांवर घसरू लागतात आणि नट हळूहळू सुटत जातो. उलट ताण फार झाला तर पोलाद कायमचं लांबतं, त्याची ओढ जाते, आटे सोलले जातात किंवा बोल्ट तुटतो. असा जादा आवळलेला बोल्ट वरून धडधाकट दिसतो, हाच खरा धोका. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना तो दगा देईल, तर सांगायला कुणी उरणार नाही.

आता माप कसं करायचं? शाळेत तरफेचा नियम शिकवतात तोच इथे लागू पडतो. पान्याची लांबी गुणिले हाताचा जोर म्हणजे पीळ. बोल्टपासून 25 सेंटीमीटरवर धरून 40 किलोचा जोर लावला, तर पीळ 10 किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे 98 न्यूटन-मीटर होतो. लहान मोटारीच्या चाकाच्या नटाला साधारण एवढाच पीळ लागतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो, आणि तोच प्रमाण मानावा. आता त्याच पान्याला मीटरभर पाईप लावून 60 किलोचा माणूस टोकावर उभा राहिला, तर पीळ 60 किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सहापट! उलट इंजिनाच्या झाकणाचा 6 मिलिमीटरचा बोल्ट सुमारे 1 किलोग्रॅम-मीटरवरच थांबवायचा असतो. तिथे चाकाचा जोर लावला की आटे गेलेच म्हणून समजा.

पीळ मोजणारा टॉर्क पाना बाजारात मिळतो. ठरलेला आकडा आला की तो ‘टक’ असा आवाज देतो. त्यापुढे ओढू नये. त्यानं नट सोडवू नयेत, आणि काम झाल्यावर त्याचा आकडा सर्वांत खाली आणून ठेवावा. शिक्षकांनी वर्गात साधा लांब पाना घेऊन त्याच्या टोकाला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवावा आणि काटकोनात ओढून दाखवावं. मुलांना तरफ, गुणाकार आणि बोल्ट या तिन्ही गोष्टी एका तासात कळतील.

पण हा आकडाही फसवू शकतो. आपण लावलेल्या पिळातले शंभरापैकी सुमारे नव्वद भाग डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात खर्च होतात. बोल्ट ताणायला जेमतेम दहा उरतात. म्हणून आटे गंजलेले, चिखलानं भरलेले असतील तर आकडा पुरा येतो, पण ताण अपुरा राहतो. उलट तेल लावलेला बोल्ट त्याच आकड्यावर जादा ताणला जातो. सबब, तारेच्या ब्रशनं आटे साफ करावेत, आणि पुस्तकात सांगितलं असेल तरच तेल लावावं. काही इंजिनांच्या हेडचे बोल्ट आधी ठरावीक पीळ देऊन, मग 90 अंशांसारख्या ठरलेल्या कोनात फिरवायचे असतात, ते याचसाठी. कोनाला घर्षण फसवत नाही. असे बोल्ट बहुधा एकदाच वापरायचे असतात.

चाक बदलताना हा क्रम ठेवा. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा, मग जॅक लावा. नवं चाक बसण्याची जागा पुसा. तिथला मातीचा पापुद्रा पुढे झडतो आणि नट सैल पडतात. नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवून आधी बोटांनी फिरवा. पाना लावून सुरुवात केली तर आटे वाकडे बसतात. मग समोरासमोरचे नट आळीपाळीनं, पाच असतील तर एकाआड एक, बेतानं आवळा. गाडी खाली घेऊन त्याच क्रमानं शेवटचा पीळ द्या. हेड आवळायचं असेल तर मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत जा, म्हणजे गॅसकेटवर दाब सारखा बसतो. पंक्चरच्या दुकानात हवेच्या बंदुकीनं नट बसवले असतील, तर ते सैल करून घरी पुन्हा मापानं आवळा.

शेवटी एक साधी सवय लावून घ्या. चाक बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटर गाडी चालली, की नट पुन्हा मापानं तपासा. पाच मिनिटांचं हे काम आहे. त्या गाडीत घरची माणसं बसणार असतात, म्हणून ते उद्यावर टाकू नका.