मोहाची दारू

मोह (सं. मधूक, हिं. महुआ; कुल : सॅपोटेसी) या वृक्षाच्या मांसल फुलांतील शर्करांचे किण्वन करून व बहुधा त्यानंतर आसवन करून तयार होणारे मद्य. मध्य भारतातील आदिवासी समाजांत हे मद्य घरोघरी तयार करण्याची परंपरा फार जुनी आहे. बुलढाणा जिल्ह्यात ती मुख्यतः सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांत, कोरकू, निहाल, भिल्ल इ. जमातींच्या वस्त्यांत आढळते. कोरकू भाषेत या मद्यास ‘सिडू’ म्हणतात.

मोहाचा फुलोरा फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत येतो. फुले उत्तररात्री गळू लागतात व पहाटे झाडाखाली त्यांचा सडा पडतो. गळते ते फक्त पाकळ्यांच्या संयोगाने बनलेले नळीसारखे पुष्पमुकुट. किंजपुट फांदीवरच राहतो व त्यापासून पुढे तेलबियांचे फळ तयार होते. त्यामुळे फुले वेचल्याने बियांच्या उत्पन्नात घट येत नाही. वेचणी बहुधा स्त्रिया व मुले पहाटेच करतात. याच वेळी अस्वलेही मोहाखाली येतात. ज्ञानगंगा व अंबाबरवा या अभयारण्यांच्या परिसरात या दोहोंची गाठ पडणे धोक्याचे ठरते. फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची रीत सर्वत्र आहे. उन्हाळ्यातील कित्येक वणवे या रीतीमुळेच लागतात.

ताजे फूल फिकट पिवळसर असते. उन्हात वाळविल्यावर ते तांबूस तपकिरी होते व त्यास मनुकांसारखा वास येतो. सुक्या फुलांत वजनाच्या निम्म्याहून अधिक शर्करा असते. बिअरशी तुलना करता येथे एक मूलभूत फरक दिसून येतो. बार्लीच्या दाण्यात शर्करा नसून स्टार्च असतो. म्हणून दाण्यास मोड आणून माल्ट करावे लागते व माल्टातील एंझाइमांकडून स्टार्चाचे शर्करेत रूपांतर करून घ्यावे लागते. मोहफुलात शर्करा आयतीच असल्याने हा सर्व खटाटोप वाचतो. पाणी, मडके व हवेतील अथवा फुलावरील यीस्ट एवढ्यावर काम भागते. गडद बिअरचा काळसर रंग व तिची भाजक्या धान्यासारखी चव माल्ट तीव्र उष्णतेवर भाजल्याने येते. मोहाच्या आंबवणाचा तपकिरी रंग मात्र फूल सुकताना घडणाऱ्या रासायनिक बदलांतून आलेला असतो. आसवनापूर्वीचे हे गोडसर-आंबट, दाट आंबवण युरोपीय गडद बिअरचे येथील जवळचे भावंड म्हणावयास हरकत नाही. आसवन झाल्यावर मात्र रंग मागे राहतो व पाण्यासारखे स्वच्छ मद्य हाती येते.

घरगुती पद्धतीत सुकी फुले पाण्यात भिजवून मातीच्या मडक्यात तोंड बांधून ठेवतात. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत, हिवाळ्यात आठवड्याने किण्वन पुरे होते. बुडबुडे थांबणे, फुले तळाशी बसणे व वासातील फरक यांवरून जाणती स्त्री ते ओळखते. तापमापक अथवा घनतामापक यांची तिला गरज भासत नाही. मागील खेपेचा थोडा गाळ नव्या मडक्यात टाकण्याची रीत म्हणजे यीस्टचे विरजणच होय. एक किग्रॅ. सुक्या फुलांत ६०० ग्रॅ. शर्करा धरल्यास तिच्यापासून सैद्धांतिक दृष्ट्या सु. ३०० ग्रॅ. अल्कोहॉल मिळावयास हवे. प्रत्यक्षात काही शर्करा न आंबता राहते व काही अल्कोहॉलाचे ॲसिटिक अम्ल बनते, त्यामुळे उतारा बराच कमी पडतो.

आसवनासाठी आंबवणाचे मडके चुलीवर ठेवून त्यावर बुडाला छिद्रे असलेले दुसरे भांडे बसवितात. त्यात एक लहान वाडगे असते व सर्वांत वर थंड पाण्याने भरलेले निमुळत्या बुडाचे भांडे. सांधे चिखलाने लिंपतात. वाफ वरच्या थंड बुडास लागून थेंबांच्या रूपाने वाडग्यात पडते. वरचे पाणी तापले की बदलावे लागते. कोठे कोठे वाफ बांबूच्या नळीने ओढ्याच्या पाण्यात बुडविलेल्या घटात उतरवितात. आरंभी येणारे मद्य सर्वांत तीव्र असते. मराठीतील ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग येथूनच आला.

या पहिल्या धारेविषयी एक गैरसमज रूढ आहे. ती टाकून दिली की विषारी मिथिल अल्कोहॉल निघून जाते, असे मानतात. ते बरोबर नाही. पहिल्या धारेत ॲसिटाल्डिहाइड व एथिल ॲसिटेट यांसारखी उग्र वासाची द्रव्ये अधिक असतात, हे खरे, परंतु मिथिल अल्कोहॉल (उकळबिंदू ६४·७° से.) पाण्याच्या सान्निध्यात आसवनाच्या सर्व टप्प्यांत थोडेथोडे येतच राहते. फुलातील पेक्टिनापासून उत्पन्न होणारे त्याचे प्रमाण मुळात अल्प असते. विषारी दारूने होणारे सामूहिक मृत्यू घरगुती मडक्यातून उद्‌भवत नाहीत. विक्रीच्या दारूत औद्योगिक मिथिल अल्कोहॉल मिसळल्याने ते होतात. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभरावर माणसे दगावली, ती अशाच भेसळीने. शरीरात मिथिल अल्कोहॉलापासून फॉर्मिक अम्ल तयार होते व ते दृक्‌तंत्रिका निकामी करते. बाजारासाठी काळा गूळ व नवसागर वापरून गाळलेल्या दारूलाही पुष्कळदा मोहाचेच नाव दिले जाते. नवसागरातील नायट्रोजन यीस्टला पोषक असतो, म्हणून तो वापरतात. चवीशी अथवा परंपरेशी त्याचा संबंध नाही.

चरकसंहितेत सांगितलेल्या दहा पुष्पासवांत मधूक व धातकी (धायटी) या दोहोंच्या फुलांचा समावेश आहे. धायटीची फुले आसवारिष्टे आंबविण्यासाठी आयुर्वेदीय औषधशाळांत आजही वापरतात. तीच प्रक्रिया औषधशाळेत मान्य व आदिवासी झोपडीत गुन्हा ठरते, हा विरोधाभास प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहे.

त्याचा उगम ब्रिटिश अबकारी धोरणात आहे. मद्यावरील कर हे महसुलाचे मोठे साधन झाल्यावर घरगुती गाळप सरकारच्या दृष्टीने चोरी ठरली. मुंबई इलाख्यात १८९२ चा मोहफुलांविषयीचा कायदा करून फुलांच्या साठ्यावरही नियंत्रण आणले गेले. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९३८ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आला व यथावकाश १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम येथेही लागू झाला. वन हक्क अधिनियम, २००६ अन्वये वनवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मिळाला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध उठविले. विनापरवाना मद्यनिर्मिती मात्र गुन्हाच राहिली. १९९६ च्या पंचायत विस्तार (पेसा) अधिनियमाने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मादक द्रव्यांबाबत नियमनाचे अधिकार दिले, तथापि बुलढाणा जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नसल्याने सातपुड्यातील या गावांना त्यांचा लाभ नाही. लगतच्या मध्य प्रदेशात अलीकडे मोहाच्या मद्यास ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता देऊन आदिवासी बचत गटांकडून त्याचे उत्पादन करून घेण्याचे धोरण स्वीकारण्यात आले आहे.

विवाह, मृत्यू व सणवार यांच्या विधींत देवतेस व पूर्वजांस या मद्याची धार देतात. तिच्याशिवाय विधी पुरा होत नाही. दुसऱ्या बाजूस, व्यसनाने झालेल्या कुटुंबांच्या हानीची तक्रार याच समाजांतील स्त्रिया करतात व गावात दारूबंदी व्हावी म्हणून त्याच पुढे येतात. विधीपुरते मोजके गाळप व वर्षभर चालणारी विक्री यांत त्या स्पष्ट भेद करतात. कायद्यात तो आढळत नाही. गाळपाचे ज्ञान प्रामुख्याने वयस्क स्त्रियांपाशी आहे. नवी पिढी फुले वाळवून व्यापाऱ्यास विकणे पसंत करते आणि मोहाचे जुने वृक्ष वाढत्या शेतीखाली कमी होत आहेत.