दूरची शाळा आणि काही गैरसमज

कोलकात्यात हुगळीच्या काठी फोर्ट विल्यम हा किल्ला उभा आहे. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी तो नव्याने बांधला. आज तेथे भारतीय लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. २०२४ च्या अखेरीस लष्कराने त्यास ‘विजय दुर्ग’ हे नाव दिले, आणि तेही आपल्या कोकणकिनाऱ्यावरील विजयदुर्गावरून! १७४२ मध्ये मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने ज्या शहराने खंदक खणला, त्याच शहरातील किल्ल्याच्या वाट्यास हे नाव यावे, ही इतिहासाची एक गंमतच म्हटली पाहिजे.

ह्या किल्ल्याच्या परिसरात केंद्रीय विद्यालय आहे. बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांच्या मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये, म्हणून १९६३ पासून अशी विद्यालये सुरू झाली. एखाद्या मराठी जवानाचे मूल काल बेळगावास, आज कोलकात्यास, तर उद्या जम्मूस असावयाचे. अशा कुटुंबास ऑनलाइन शाळेचे आकर्षण वाटल्यास नवल नाही. सामानाच्या पेटीबरोबर शाळाही नेता येईल, असे त्यांस वाटते. ही आशा सर्वस्वी खोटी नाही. परंतु तिच्याभोवती गैरसमज पुष्कळ आहेत.

ही कल्पना अगदी नवी आहे, हा त्यांपैकी पहिला. ऑस्ट्रेलियातील अॅलिस स्प्रिंग्ज येथे १९५१ मध्येच रेडिओवरील शाळा सुरू झाली. शेकडो मैलांवरच्या गुरांच्या वाड्यांवरील मुले बिनतारी यंत्रावरून शिक्षकास उत्तरे देत. आपल्या देशात १९७५-७६ मध्ये ‘साइट’ ह्या प्रयोगाने उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविले, त्यांत शाळकरी मुलांसाठीही कार्यक्रम होते. दोहोंतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. तिकडे मुलाचा प्रश्न शिक्षकाकडे जाई; इकडे चित्र येई, परंतु प्रश्न परत जाण्यास वाट नव्हती. आजच्या जाळ्याने ती वाट मोकळी केली आहे. तिचा उपयोग न करता नुसती चित्रफीत दाखविणे म्हणजे १९७५ सालाकडे परतणे होय.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा जे घडले तीच ऑनलाइन शाळा, असे पुष्कळ पालक मानतात. ते आणीबाणीतील शिक्षण होते. कित्येक घरांत एकच फोन, आणि तोही सकाळी वडिलांबरोबर कामावर जाई. पश्चिम बंगालमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी ‘पाड़ाय शिक्षालय’ ह्या नावाने वस्तीतील मोकळ्या जागी वर्ग भरविले गेले, आणि त्याच महिन्यात प्राथमिक शाळाही उघडल्या. ‘असर’ ह्या देशव्यापी ग्रामीण पाहणीनुसार, दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले. शाळा पूर्ववत सुरू झाल्यावर २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ टक्के झाले. ही घसरण पाहून ‘पडदा वाईट’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण असंख्य मुलांपर्यंत तो पडदाही पोहोचला नव्हता.

मूल दिवसभर पडद्यापुढे बसते, हीही समजूत निराधार आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२० मधील सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसातून तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या दोन तासिकांहून अधिक प्रत्यक्ष ऑनलाइन शिक्षण नको, असे स्पष्ट म्हटले होते. उरलेला वेळ पुस्तक, वही आणि हातांचा.

मग त्या उरलेल्या वेळी मुलाजवळ कोण बसणार? येथेच तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा, गैरसमज आहे: यंत्र आले की माणूस नको. १८०० मध्ये ह्याच किल्ल्याच्या नावाने कोलकात्यात कॉलेज स्थापन झाले, आणि तेथे विल्यम कॅरी मराठी शिकवीत. १८०५ मध्ये त्यांनी मराठीचे व्याकरण छापले. परंतु महाराष्ट्रापासून इतक्या दूर ती भाषा हस्तगत करण्यास त्यांना वैजनाथ पंडितांसारखा मराठी जाणणारा माणूस जवळ लागला. प्रौढ पंडितास जे आवश्यक वाटले, ते सहा वर्षांच्या बालकास अनावश्यक कसे ठरेल? पेन्सिल कशी धरावी, हे पडद्यावरील शिक्षक दाखवू शकतो. चुकीची धरलेली बोटे तो सरळ करू शकत नाही. ऑस्ट्रेलियातील त्या शाळेतही प्रत्येक घरी एक मोठे माणूस मुलाजवळ बसे, आणि बहुधा ती आई असे. शाळेच्या इमारतीवर वाचलेला खर्च असा आईच्या वेळातून वसूल होतो. सार्वजनिक शिक्षणाच्या हिशेबात ही रक्कम कोणी मांडत नाही.

अशा शिक्षणाच्या प्रमाणपत्रास किंमत नसते, हे मात्र साफ खोटे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी-बारावीची प्रमाणपत्रे इतर मंडळांच्या बरोबरीची मानली जातात. तिची मुळे १९७९ च्या एका प्रकल्पात आहेत. माध्यमिक परीक्षा तेथे मराठीतूनही देता येते, आणि ती केंद्रावर जाऊन प्रत्यक्ष द्यावी लागते.

किल्ल्यातील मराठी मुलास दूरच्या शाळेचा खरा उपयोग कदाचित वेगळाच असेल. सकाळी वर्गात त्याला हिंदी व इंग्रजी असतेच. बालभारतीची मराठी पुस्तके आता संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. सायंकाळी आईने शेजारी बसावे, मुलाने धडा मोठ्याने वाचावा, आणि ‘ळ’ चा उच्चार अडला की आईने तो करून दाखवावा.