गाडीलाही ताप येतो, बरं का!

घरातल्या कुणाचे अंग जरा कोमट लागले, की आपला हात लगेच कपाळावर जातो. पण दारातल्या जुन्या गाडीचा काटा वर चढू लागला, तर आपण म्हणतो, "ते गाडीचं काय ते हे बघतील!" मैत्रिणींनो, शाळा, बाजार, बँक, सासूबाईंचा दवाखाना या फेऱ्या आपणच करतो ना? मग तिचा ताप ओळखायलाही आपणच शिकायला हवे. फारसे अवघड नाही ते.

उदाहरणाला आपली मारुती ८०० घेऊ. डिसेंबर १९८३ मध्ये ती रस्त्यावर आली, जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरी काही घरांत ती अजून मायेने सांभाळलेली आहे. इतर जुन्या गाड्यांचे तत्त्वही साधारण हेच.

कुकरचेच शास्त्र

इंजिनाभोवती पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण खेळत असते. पंप ते फिरवतो आणि रेडिएटरमध्ये ते गार होते. रेडिएटरचे झाकण आपल्या कुकरसारखा दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी १०० अंशांना न उकळता सुमारे १२० अंशांपर्यंत तग धरते. झाकणाचे रबर कडक झाले, चिरले, की दाब टिकत नाही. पाणी लवकर उकळते आणि बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीतून सांडून जाते. तेव्हा मोठ्या खर्चाचे नाव काढण्याआधी हे स्वस्तातले झाकण तपासून घ्या.

पाणी जाते कुठे?

रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी पाहा. हिरवा किंवा लालसर, बोटाला किंचित बुळबुळीत लागणारा डाग म्हणजे कूलंट. काळपट, तेलकट डाग म्हणजे ऑइल. एसी चालवल्यावर पडणारे नितळ पाणी मात्र निरुपद्रवी, त्याची काळजी नको.

मग बॉनेट उघडून रबरी नळ्या पाहा. फुगलेली, भेगाळलेली किंवा क्लॅम्पपाशी पांढरट खार धरलेली नळी चोर समजावी. पंपाखाली ओघळाचे डाग दिसले, तर पंपाचे सील गेले असावे. हीटर असलेल्या गाडीत पुढच्या सीटखालचे कार्पेट ओलसर लागते का, आत गोडसर वास येऊन काचा चिकट धुरकट होतात का, तेही बघा.

बाहेर कुठेच थेंब नाही, तरी पाणी कमी होते? मग ते इंजिनाच्या पोटात जात असेल. गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. ऑइल दुधाळ चहासारखे दिसते. गार इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू केले, तर रेडिएटरमध्ये एकसारखे बुडबुडे येतात. ही हेड गॅसकेट फुटल्याची लक्षणे. अशी गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

पाणी पुरेसे, तरी ताप?

गाडी कधी तापते, ते नीट आठवा. सिग्नलला उभी असताना तापते आणि चालू लागली की निवते, तर रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा फिरत नसेल. फ्यूज, रिले किंवा स्विच यांपैकी काहीतरी बिघडले असेल. उलट, वेगात किंवा घाटात तापत असेल, तर रेडिएटर आतून गाळाने वा बाहेरून धूळ-किड्यांनी तुंबला असेल. काटा वर आणि रेडिएटरची खालची नळी मात्र गारच, तर थर्मोस्टॅट अडकला असण्याचा संभव मोठा.

तपासताना पदर खोचा, ओढणी काढून ठेवा. इंजिन बंद असले तरी तो पंखा अचानक सुरू होऊ शकतो, बरं का!

वाटेत काटा चढला तर

एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण सुरू करा. उकडेल खरे, पण इंजिनाची उष्णता बाहेर येईल. सुरक्षित जागा दिसताच कडेला थांबून इंजिन बंद करा. "घर जवळच आहे, जाऊ तेवढं" हा मोह टाळा. हेड ॲल्युमिनियमचे असते, अति तापले की ते वाकते, आणि मग काही रुपयांच्या नळीपायी हजारोंचे बिल येते. एकदम काटा खाली पडला तरी हुरळू नका. पाणी पार संपले की काटा खोटे बोलतो.

आणि हे तर वहीत लिहूनच ठेवा: गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडायचे नाही. शिट्टी न काढता कुकर उघडण्यासारखेच ते. उकळते पाणी थेट तोंडावर, हातावर येते. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. झाकणाला हात लावता येण्याइतके इंजिन गार झाल्यावरच जाड फडके ठेवून ते हळूहळू फिरवा. तापल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

घरात सांभाळायचे

कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. चवीला गोड, पण विषारी. मूत्रपिंडे निकामी करणारे. सरबताच्या रिकाम्या बाटलीत ते कदापि ठेवू नका. मुलांच्या, मांजरांच्या वाटेत सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवून काढा.

आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी गार असताना, टाकीतली पातळी पाहा आणि दिनदर्शिकेवर नोंदवा. दुधाचा हिशेब ठेवतो तसाच! मग गॅरेजमध्ये "गाडी तापते हो" एवढेच सांगण्याऐवजी तुम्ही म्हणाल, "आठ दिवसांत टाकी निम्मी होते, खाली डाग नाही, पंखा फिरतो." असे बोलणाऱ्या बाईला नको ते सुटे भाग गळ्यात मारणे सोपे नसते. निदान बरोबर झाले, तर गाडीही वाचते आणि घरखर्चाचे पैसेही.