स्तनकर्करोगानंतरची गोळी आणि तरुण मातेचा निर्णय

शस्त्रक्रिया व केमोथेरपी आटोपली की कुटुंबीय निःश्वास सोडतात. तरुण मातेपुढील कठीण प्रश्न मात्र तेव्हाच उभा राहतो. तिची गाठ हार्मोनसंवेदी असल्यास टॅमॉक्सिफेनची गोळी साधारणतः पाच वर्षे दररोज घ्यावी लागते. ती दहा वर्षे घेतल्यास आजार उलटण्याचा धोका आणखी घटतो, असे २०१२ साली ‘अ‍ॅटलास’ अभ्यासातून दिसून आले. अंगातून वाफा येणे, पाळीतील बदल यांस कंटाळून काही भगिनी कोणासही न सांगता गोळी सोडतात. हे धोक्याचे आहे. त्रास डॉक्टरांना सांगावा. त्यावर उपाय असतात, प्रसंगी औषधही बदलता येते.

दुसऱ्या अपत्याची इच्छा असल्यास तीही निःसंकोचपणे बोलावी. ही गोळी गर्भास अपायकारक असल्याने ती चालू असता गर्भधारणा टाळावी लागते. ‘पॉझिटिव्ह’ अभ्यासात ४२ वर्षांपर्यंतच्या ५१६ स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षे उपचार घेऊन, मातृत्वासाठी ते दोन वर्षांपर्यंत थांबविले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या तीन वर्षांत त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण वाढले नाही. दीर्घकालीन उत्तर मात्र पुढील पाहणीतूनच मिळेल. म्हणून हा निर्णय प्रत्येकीचा अहवाल पाहूनच व्हावा.

पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशन, मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय येथे सल्ला घेता येतो. दुसरे मत घेणे म्हणजे आपल्या डॉक्टरांवर अविश्वास नव्हे.

बंधुभगिनींनो, निर्णय तिचा असू द्या. तपासणीच्या दिवशी तिची मुले सांभाळणे, हे आपले काम.