हुमणीचा वैरी

ऊस पिवळा पडतो. ओढला की हातात येतो. मुळे हुमणीने खाल्लेली! ती खोल असते. औषध पोचत नाही.

पण तिचा वैरी मातीतच आहे. तो म्हणजे बारीक सूत्रकृमी. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. हुमणीच्या अंगात शिरून तो जंतू सोडतो. हुमणी मरते. भिऊ नका, मुळे खाणारा कृमी वेगळा.

कोइमतूरच्या जातीला १९९२ साली नाव मिळाले.

हा कृमी मेणकिड्याच्या अळीवर वाढवतात. कृमी लावलेली अळी दोन दिवसांत मरते, विटेसारखी लाल होते. काळी पडून घाण वास आला तर फेकावी. ताटलीत पाणी घ्यावे. मधे पालथी वाटी, वर ओला कागद, कड पाण्यात. त्यावर लाल अळ्या ठेवाव्या. दहा-बारा दिवसांनी एकेका अळीतून लाखभर कृमी पाण्यात उतरतात. ते पाणी ओल्या रानात, तेही संध्याकाळी सोडावे. उन्हात कृमी मरतात, मेहनत फुकट जाते.