खेळातली पोरं : लेखांक 9
दोरी सोडण्याआधी

मागच्या आठवड्यात शालेय स्पर्धांचे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य हे टप्पे पाहिले. आज मधूनच वाट बदलणाऱ्या मुलांविषयी.

परभणी जिल्ह्यातल्या सेलू-जिंतूरकडची एखादी मुलगी दोरीच्या मल्लखांबावर चमकू लागली, की 'हिला जिम्नॅस्टिक्सला घाला, ऑलिंपिकचा खेळ आहे' असं सांगणारे निघतातच. सल्ला वाईट नाही, अर्धवट आहे.

खांद्यांतलं बळ, पाठीची लवचिकता, उलटं झाल्यावरही न गडबडणारं डोकं, हे सगळं तिच्यासोबत येतं. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरून वर जाणाऱ्या पोरीला गुडघा सरळ ठेव, पाऊल ताण, हे नव्यानं सांगावं लागत नाही. घोडं अडतं जमिनीवर. दोरीवरचा संच हवेतच रंगतो. आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये मात्र प्रत्येक उडीचा हिशेब पाय टेकताना होतो. पाऊल जरासं सरकलं तर 0.1, मोठं पडलं तर 0.3 आणि खेळाडूच पडली तर पूर्ण 1 गुण जातो. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये भारताची जिम्नॅस्ट दीपा कर्माकर व्हॉल्टमध्ये चौथी आली. तिचं आणि कांस्यपदकाचं अंतर होतं अवघं 0.15 गुणांचं, आणि प्रोदुनोव्हा उडीनंतर ती टेकताना फार खाली बसली होती.

म्हणून बदल करण्याआधी मी एकच गोष्ट बघायला सांगेन. गुडघ्याएवढ्या उंचीच्या ठोकळ्यावरून मॅटवर उडी मारायला लावा. गुडघे आत वळतात का? टाचा दणकन आपटतात का? तसं होत असेल तर आधी काही महिने फक्त टेकणं शिकवा. अकरा-बाराव्या वर्षी उंची झपाट्यानं वाढत असताना तर ही घाई टाचेला आणि गुडघ्याला भोवते.

पुढचा प्रश्न, कुठलं जिम्नॅस्टिक्स? आर्टिस्टिकचा बीम 10 सेंटीमीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच. तो, बार, व्हॉल्ट आणि त्यांखालच्या जाड मॅट मांडायला मोठा हॉल लागतो. रिदमिकला 13 मीटरचा चौरस आणि चेंडू-रिंग उंच फेकता येईल असं छत हवं. एरोबिक जिम्नॅस्टिक्सला साधनच लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून करायचं तर मला ही वाट जास्त व्यवहाराची वाटते. आर्टिस्टिकच करायचं असेल, तर परभणीहून रेल्वेनं तीनेक तासांवरचं छत्रपती संभाजीनगर किंवा निवासी क्रीडा प्रबोधिनी, असा घराबाहेरचा विचार करावा लागतो. प्रबोधिनीत 8 ते 14 वयाची मुलं घेतात. चाचणीत 30 मीटर धावण्यापासून मेडिसिन बॉल फेकीपर्यंत सगळं पाहतात.

प्रमाणपत्राचंही बोलायला हवं. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण पालकांच्या मनात असतंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मल्लखांबात विभागापर्यंत पोचलेली मुलगी ऐन हंगामात हलवली, तर नव्या खेळात तिला पुन्हा जिल्ह्यापासून सुरुवात. वयोगट जन्मवर्षावर ठरतो, तेव्हा चौदा वर्षांखालील गटात तिची किती वर्षं उरलीत तेही मोजा. राज्य स्पर्धा उरकल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये नवं सुरू करावं. परभणीच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधला सराव पहाटेच करावा लागेल, एवढंच. आणि निदान पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा दोरी चालू राहू द्या.